सांगलीत नवं घर, अंगणात नवी बाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीच्या लाल मातीत वाढलेली मी, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कुटुंबासह सांगलीत स्थायिक झाले. अंगण मिळालं या आनंदात पहिल्याच वर्षी बरीच झाडं मारली. त्यानंतर ओळखीतून, नात्यातून, मुलांच्या शाळेच्या फाटकावर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. सामान उतरवलं, घर लागलं. आता रोपवाटिकेत जाऊन झाडं आणू का?

आणू नका. किमान सगळी तरी आणू नका. तुळस, कढीपत्ता आणि गवती चहा ही तीन कुंड्यांत आणा. एवढ्यावर घराला घरपण येतं आणि चहाही सुधारतो. जमिनीत मात्र एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाईपर्यंत मोठं काही लावू नका. त्या काळात दोन गोष्टी बघून ठेवायच्या. अंगणात ऊन कुठे किती वेळ पडतं आणि पावसाचं पाणी कुठे तुंबतं. डिसेंबरात दिवसभर सावलीत असलेला कोपरा मे महिन्यात भट्टी झालेला असतो. मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे अंगणाचा नकाशा काढून महिन्यातून एकदा सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता सावलीची रेघ ओढत असे. मुलांना हा खेळ वाटायचा, त्यामुळे माझं काम तीच करत.

2. घर घेताना हा भाग पुरात जातो का, हे कसं कळणार?

सांगणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, विकणाऱ्याच्या तर नाहीच. जलसंपदा विभागाने नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. तुमचा सर्व्हे नंबर त्यांच्या कुठल्या बाजूला पडतो, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारता येतं. पण 'शंभर वर्षांतून एकदा' हे ऐकून निर्धास्त होऊ नका. सांगलीने 2005, 2019 आणि 2021 असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत पाहिले आहेत.

दुसरा उपाय पायांनी करायचा. त्या गल्लीत जाऊन जुन्या घरांच्या भिंती बघा, पाण्याची रेघ रंगाखालूनही दिसते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, '2019 ला पाणी कुठवर होतं?' तो हात वर करून दाखवतो. तो हात कुठे थांबतो ते बघायचं.

एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. सांगलीतला पूर सांगलीच्या पावसाने येत नाही. इथे वर्षाला सरासरी साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीच्या मानाने चिमूटभर. पाणी येतं ते वरून, कोयना आणि वारणेच्या खोऱ्यांतून. म्हणून ऊन पडलेलं असतानाही नदी चढत असते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. 2019 मध्ये ती 57 फुटांच्या वर गेली होती. पावसाळ्यात इथे लोक सकाळी उठून पंचांगाच्या आधी हा आकडा बघतात.

3. घर नावावर झालं की वीज, पाणी, घरपट्टी आपोआप नावावर होतात का?

नाही. खरेदीखत नोंदलं म्हणजे बाकी दप्तरांना आपोआप कळतं असं नाही. मालमत्ता पत्रक किंवा सातबाऱ्यावरची नोंद, महापालिकेतली घरपट्टी आणि पाणीपट्टी, महावितरणचं मीटर या प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो. जुन्या मालकांचा फोन लागतोय तोवर हे उरकून घ्या, कारण मागची थकबाकी निघाली तर तेच लागतात. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म 8 असतो. भाड्याने राहणार असाल तर भाडेकराराची नोंदणी करूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार करार लेखी आणि नोंदलेला असणं बंधनकारक आहे.

4. मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला जुन्या गावाहून यायला वेळ लागतोय. प्रवेश अडेल का?

आठवीपर्यंतच्या मुलांचा अडता कामा नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 नुसार दाखला उशिरा येतोय या कारणाने प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. शाळेत भांडण्यापेक्षा हे शांतपणे लेखी अर्जात लिहून द्यावं. कागद आला की चेहरे आपसूक बदलतात.

5. आम्ही कोकणातून, पुण्यातून, मुंबईतून आलोय. इथली माती वेगळी म्हणजे नेमकी कशी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझी पहिल्या वर्षीची सगळी झाडं याच्या उत्तरापायी गेली.

सांगलीच्या बऱ्याच भागात माती काळी, भारी आहे. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. जूनमध्ये चपलेला चिकटून चपलेपेक्षा जड होणारी माती एप्रिलमध्ये फुटते. आमच्या धाकट्याने पहिल्या उन्हाळ्यात शाळेची फूटपट्टी एका भेगेत उभी सोडली होती. ती अख्खी आत गेली. आम्ही दोघं भेगेवर आडवे पडून चिमट्याने ती काढत होतो आणि सासूबाई ओट्यावरून सूचना देत होत्या. त्या भेगा पडताना झाडांच्या बारीक मुळ्याही तुटतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

या मातीत पाणी हळू मुरतं आणि बराच काळ टिकतं. ती अल्कधर्मी असते, सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी आणि पाणी पटकन सोडणारी, म्हणजे अगदी उलट. तिकडे मी रोज सकाळी पाइप धरायची. तीच सवय इथे आणली आणि मोगरा, अबोली, अनंत यांना मुळाशी कुजवलं.

काळ्या मातीत एक शब्द जपायचा : वाफसा. पाऊस उघडल्यावर माती ना चिखल ना ढेकूळ, अशी मऊ होते तो काळ. इथले शेतकरी म्हणतात, रान घातीवर आलं. त्याच वेळी खणायचं, खुरपायचं, लावायचं. ओल्या मातीत कुदळ घातलीत तर तिचं पुढे विटेसारखं ढेकूळ होतं. मूठभर माती दाबून उंचीवरून सोडा. फुटली तर घात आहे, चापट होऊन पडली तर घरात जाऊन चहा प्या.

काळी माती वाईट नाही हेही सांगते. ऊस, हळद आणि कृष्णाकाठची वांगी याच मातीवर आहेत. फक्त ती घाई करणाऱ्याला शिक्षा करते.

6. अंगणात बांधकामाचा चुरा, सिमेंट, वाळू पडली आहे. तीच माती उकरून झाडं लावली तर?

नव्या बंगल्याच्या अंगणातली पहिली शत्रू हीच माती. वरचा नऊ-दहा इंचाचा थर म्हणजे बहुतेक वेळा सिमेंटचा गोळा, तुटक्या विटा, प्लॅस्टर आणि पाया खणताना निघालेली खालची पांढरट, चुनखडीची माती. आधीच अल्कधर्मी जमीन, त्यात सिमेंटचा चुना. जिथे वाळू-सिमेंट कालवलं होतं तो चौक तर आमच्या अंगणात आजही दिसतो, तिथे हरळीसुद्धा नाखुशीने वाढते.

निदान जिथे झाड लावायचं आहे तेवढा भाग फूट-दीड फूट काढून टाका. कंत्राटदार निघून जाण्याआधी त्याच्याकडून हे काम करून घ्या. तो एकदा गेला की फोन उचलत नाही. जास्त माहितीसाठी प्रश्न 7 पाहा.

7. बाहेरून माती मागवायची तर कोणती आणि किती?

ट्रॅक्टरवाल्याला नुसतं 'चांगली काळी माती टाका' म्हणालात तर तो पायातली माती आणून टाकेल. मागायचा तो पोयटा किंवा नदीकाठची गाळाची माती. ट्रॉली उतरवण्याआधी एक ढेकूळ हातात घ्या. बोटाने चुरगाळलं जातं का, त्यात पांढरे कण किती आहेत, कुबट वास येतो का, ते बघा. लव्हाळ्याच्या गाठी दिसल्या तर ट्रॉली परत पाठवा. लव्हाळा एकदा आला की तुमच्या नातवंडांपर्यंत राहतो.

ब्रासच्या हिशोबात फसू नका. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. दहा फूट बाय दहा फुटांच्या वाफ्यावर फूटभर थर द्यायला एक ब्रास लागतो, आणि तो पहिल्या पावसात दोन-तीन इंच बसतो.

मातीत काय मिसळायचं? कुजलेलं शेणखत, आणि ते भरपूर. कुजलेलं म्हणजे हातात घेतल्यावर शेणाचा वास न येणारं. शेणखत मिळत नसेल तर साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) चालते, पण तीही वर्षभर जुनी हवी. ताजी मळी इतकी गरम होते की हात घालवत नाही. नुसती वाळू मिसळून काळी माती हलकी होईल ही समजूत सोडा. थोड्या वाळूने ती उलट घट्ट बसते. तिला मोकळी करतो तो कुजलेला पाला आणि खत.

8. माती परीक्षण करायलाच हवं का? घरी काही कळत नाही का?

बऱ्याच गोष्टी घरी कळतात. थोडी कोरडी माती बशीत घ्या आणि वर व्हिनेगर ओता. फेस आला तर चुना जास्त. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा; ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात दिसलं तर निचरा नाही, तिथे लिंबू आणि पपई लावूच नका. कुंडीच्या कडांवर किंवा वाफ्यावर पांढरी साय येत असेल तर क्षार आहेत.

मोठी जागा असेल, फळझाडं लावायची असतील, तर मात्र कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या. पाच-सहा ठिकाणची माती इंग्रजी व्ही अक्षराचा खड्डा करून घ्यायची, एकत्र करायची आणि त्यातली अर्धा किलो पाठवायची. खत टाकल्यावर लगेच नमुना घेऊ नये. अहवालात 'क्षारयुक्त' आणि 'चोपण' हे दोन वेगळे शब्द असतात, त्यांची गल्लत करू नका. क्षारयुक्त जमिनीला चांगलं पाणी आणि चर काढून निचरा लागतो. चोपण जमिनीला जिप्सम लागतं, कारण तिथे भांडण सोडियमशी असतं. क्षारयुक्त मातीत जिप्समचं पोतं ओतून काही होत नाही, पोत्याचे पैसे मात्र जातात.

9. पानं पिवळी पडतायत. खत घातलं तरी थांबत नाही. काय करू?

आधी कुठली पानं ते बघा. खालची, जुनी पानं पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे, किंवा पाणी जास्त होतंय. पण शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारख्या, असं असेल तर लोह मिळत नाहीये. अल्कधर्मी मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. अनंत, लिंबू, जास्वंद, गुलाब यांच्यावर हे पहिल्यांदा दिसतं.

लोखंडी खिळे पुरण्याचा उपाय मीही केला. खिळे गंजले, अनंत तसाच राहिला. लगेच उपयोगी पडतं ते हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. एक लिटर पाण्यात 3 ते 5 ग्रॅम, त्यात थोडा लिंबाचा रस, आणि संध्याकाळी पानांवर फवारा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा, पानं करपली तर प्रमाण कमी करा. फरशीवर सांडू देऊ नका, तांबूस डाग जात नाहीत. मुळाशी द्यायचं असेल तर चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) घ्या आणि पाकिटावर 'ईडीडीएचए' लिहिलेलं बघा. स्वस्तातलं 'ईडीटीए' या सामूत फारसं टिकत नाही.

अनंत मी शेवटी मोठ्या कुंडीत घेतला, पोयटा, कोकोपीट आणि पालाखताच्या मिश्रणात, आणि त्याला पावसाचं साठवलेलं पाणी देते. दोन वर्षांनी फुलला.

10. चुलीची, होमाची राख किंवा चुना घालू का?

इथे नको. राख आणि चुना दोन्ही सामू वाढवतात. कोकणात आजी घालत होती ते बरोबरच होतं, ती माती वेगळी होती (प्रश्न 5). वास्तुशांतीच्या होमाची राख फेकवत नसेल तर एखाद्या मोठ्या झाडापासून लांब, पातळ पसरून टाका.

11. बोअरचं पाणी बागेला चालतं का? आणि किती घालायचं?

बोअरचं पाणी चाखून खारट लागत असेल, बादलीला पांढरा थर धरत असेल, तर कुंड्यांना ते रोज घालू नका. कुंडीतले क्षार बाहेर जाऊ शकत नाहीत. आठवड्यातून एकदा नळाचं किंवा पावसाचं पाणी भोकातून वाहून जाईपर्यंत घाला. जमिनीतल्या झाडांना पहिल्या चांगल्या पावसाने क्षार थोडे धुतले जातात, पण निचरा असेल तरच.

किती घालायचं, याला एकच उत्तर आहे : बोट घालून बघा. दोन पेरं आत माती ओली लागली तर पाणी नको. काळ्या जमिनीत वरचा पापुद्रा वाळून भेगाळतो, पण चार इंच खाली ओल असते. मे महिन्यात पारा चाळीशीला जातो तेव्हासुद्धा जमिनीतल्या मुरलेल्या झाडाला रोज पाणी लागत नाही. त्याला लागतं ते आच्छादन. सांगलीत त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. उसाचं पाचट कुठल्याही शेतकऱ्याकडे मागा. बुंध्यापासून चार बोटं जागा सोडून चार इंच थर अंथरा. भेगा जवळजवळ थांबतात. फूटपट्टीची गोष्ट आमच्याकडे पुन्हा घडली नाही ती पाचटामुळे.

12. पहिल्या वर्षी भाजी कुठली लावू?

ऑक्टोबरपासून सुरुवात करा, जूनपासून नको. पावसाळ्यात या मातीत नवख्याची भाजी कुजते. दसऱ्यानंतर मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा टाका. मेथी तीन-चार आठवड्यांत ताटात येते आणि मुलांचा धीर टिकतो. टोमॅटो आणि वांगी यांची रोपं आणून लावा. वाफा जमिनीपासून सहा-आठ इंच उंच करा, सपाट नको. वांग्याचा शेंडा मध्येच सुकून माना टाकत असेल तर शेंडा चिरून बघा, आत अळी दिसेल. तो शेंडा तोडून पाण्यात बुडवा, झाडावर ठेवू नका.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला हळद लावा. सांगलीत राहून हळद लावली नाही तर शेजारी काय म्हणतील! 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. राजापुरी किंवा सेलमचे डोळे आलेले गड्डे बाजारात मिळतात. फूटभर खोल पिशवीत दोन गड्डे पुरे. आठ-नऊ महिन्यांनी पानं वाळली की काढायची. मी मात्र हळदीपेक्षा तिच्या पानांसाठी लावते, कारण नागपंचमीला आमच्याकडे पातोळ्या होतात. शेजारच्या वहिनींना पहिल्या वर्षी पानात वाफवलेलं गोड प्रकरण बघून गंमत वाटली होती. आता त्याच श्रावण लागला की विचारतात, 'पानं मोठी झाली का?'

13. अंगणात द्राक्षवेल लावली तर घरची द्राक्षं मिळतील ना?

तासगावच्या रस्त्याने मांडव बघून येणारा प्रत्येक पाहुणा हे विचारतो. मिळतील, पण तुम्ही खाणार नाही. वेलीला वर्षातून दोन छाटण्या लागतात, एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली फळछाटणी. त्यानंतर केवडा आणि भुरी या दोन रोगांसाठी बागायतदार फवारणीचा पंप खाली ठेवत नाही. घरी तेवढं होत नाही, करूही नये. सावलीसाठी लावा, पानं सुंदर असतात. द्राक्षं विकत घ्या.

14. हापूसचं कलम गावाहून आणलंय. लागेल का?

माझं लागलं नाही. तीन फुटांचा खड्डा, त्यात मऊ माती आणि शेणखत, मृगाच्या मुहूर्तावर लावलं. चुकले कुठे, तर खड्ड्याच्या भोवती काळी चिकण आणि आत भुसभुशीत माती, म्हणजे जमिनीत पुरलेला हंडाच. चारी बाजूंचं पाणी त्यात येऊन बसलं. ऑगस्टमध्ये कलम हलवून पाहिलं तर हातात आलं, मुळांना आंबूस वास.

आमचे माळीमामा म्हणाले, 'वैनी, इथं झाड खाली नाय, वर लावायचं.' म्हणजे दीड-दोन फुटांचा उंचवटा करायचा, चार-पाच फूट रुंद, आणि त्यावर कलम. खड्डा घेतलाच तर त्याच्या तळातून उताराकडे चर काढायचा. जातीचं म्हणाल तर इथे केसर हापूसपेक्षा कमी रुसते. हापूसच हवा असेल तर लावा, पण तो सप्टेंबर-ऑक्टोबरात वाफशावर लावा आणि कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे काढत राहा, नाहीतर रायवळ वाढते आणि हापूस मरतो.

15. मोठं झाड घरापासून किती लांब लावावं?

काळ्या मातीत हा प्रश्न बागेचा कमी आणि पायाचा जास्त आहे. मोठं झाड उन्हाळ्यात भोवतालचं पाणी ओढून घेतं, माती आकसते, आणि कुंपणाची भिंत एका बाजूला बसते. वड, पिंपळ, उंबर, रबर, गुलमोहर अंगणात नकोच. आंबा, चिंच, जांभूळ भिंतीपासून 15 ते 20 फूट तरी. कढीपत्ता, सीताफळ, पेरू, पारिजातक सहा-आठ फुटांवर चालतात. याची दुसरी बाजूही आहे : भिंतीला लागून वाफा करून त्यात रोज पाइप सोडला तर पायाशेजारची माती फुगते. भिंतीजवळ तीन फूट फरशी किंवा मुरूम ठेवा, उतार बाहेरच्या बाजूला.

16. गच्चीवर माती पसरून हिरवळ आणि भाजी करू का?

माती पसरू नका. माणसं चढउतार करतात अशा गच्चीवर घर आणि स्लॅबचं वजन सोडून साधारण दर चौरस मीटरला 150 किलो जादा भार धरलेला असतो. सहा इंच ओल्या मातीचा थर तेवढ्याच जागेत 250 किलोच्या आसपास जातो. त्यावर पाणी तुंबलं, चार पाहुणे आले, की हिशोब तुम्हीच करा. मोठ्या कुंड्या भिंतीच्या आणि बीमच्या रेषेत ठेवा. मिश्रण हलकं करा : कोकोपीट, पालाखत आणि थोडीच माती. पन्हाळीच्या तोंडाशी कुंडी ठेवू नका, पहिल्या वळवाला पानांनी तोंड बंद होतं. आमच्या खालच्या खोलीच्या छतावर पश्चिम घाटाचा नकाशा उमटलाय तो त्यामुळेच.

17. भाड्याच्या घरात राहतो. बागेत पैसे घालावेत का?

जे उचलून नेता येईल त्यात घाला. कुंड्या, पिशव्या, हातातली अवजारं. जमिनीत लावलेलं झाड सोडून जावं लागतं, आणि निघताना ते उकरू लागलात तर मालकांशी वाद होतो. लावण्याआधी विचारा. पपई आणि शेवगा ही दोन झाडं एका वर्षाच्या आसपास फळ देतात, अकरा महिन्यांच्या करारात बसणारी म्हणा हवं तर. पपईला निचरा मात्र लागतोच (प्रश्न 8).

18. तुळस कुठल्या दिशेला लावू? घरात मोठी माणसं एक सांगतात, वास्तुवाले दुसरं.

तुळशीला विचाराल तर ती ऊन म्हणेल. रोज पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा निवडा. सासूबाईंना ईशान्य हवी होती, तिथे शेजारच्या इमारतीची सावली. दोन तुळशी गेल्यावर त्यांनीच वृंदावन पूर्वेला ओसरीसमोर हलवायला सांगितलं आणि वर म्हणाल्या, 'देव उन्हातच असतो.' वृंदावनाला तळाशी भोक असतंच असं नाही. बांधतानाच ठेवून घ्या. मंजिऱ्या खुडत राहा, नाहीतर झाड लवकर म्हातारं होतं.

19. लहान मुलं आहेत. कुठली झाडं टाळावीत? आणि सापांचं काय?

कण्हेर, पिवळी कण्हेर, एरंड आणि गुंज नको. या चारींत पोटात गेल्यास जिवावर बेतेल असं विष आहे, आणि गुंजेच्या लालकाळ्या बिया तर मुलांना खेळायला आवडतात. डायफेनबेकियाचं पान चावलं तर तोंडाला सूज येते, ते उंचावर ठेवा.

साप येतो तो उंदरांमागे आणि अडगळीत. बांधकामाच्या उरलेल्या विटांचा ढीग सहा महिने तसाच पडला असेल तर त्याला हात घालण्याआधी काठीने वाजवा. रात्री अंगणात जाताना विजेरी आणि बंद पायताण हवं. साप दिसला तर मारू नका, लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. चावलाच तर दोरी आवळणं, चिरा देणं काही करायचं नाही. हातपाय न हलवता 108 बोलवून थेट दवाखाना.

कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून कोरडं करा. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

20. पुराचं पाणी बागेत येऊन गेलं. काय वाचेल?

2019 मध्ये आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण दिराच्या घरी आलं आणि पुढचे तीन महिने त्यांच्याच बागेत गेले. ते पाणी नुसतं नदीचं नसतं, त्यात गटारं आणि शेतातली औषधं मिसळलेली असतात. म्हणून पाण्यात बुडालेली पालेभाजी, काकडी, टोमॅटो काहीही खायचं नाही, धुऊन किंवा शिजवूनही नाही. हातमोजे आणि गमबूट घातल्याशिवाय गाळात उतरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नको.

गाळ ओला असताना खणायची घाई होते. तीच चूक. त्यावर पाय देऊन तुम्ही माती दाबून टाकता. घात येईपर्यंत थांबा (प्रश्न 5), तोवर फक्त पाणी निघायला चर काढा आणि पानांवर वाळलेला गाळ साध्या पाण्याने धुवा. पपई दोन दिवस पाण्यात राहिली तर गेली समजा. तुळसही जाते. नारळ, जांभूळ, पेरू बहुतेक वेळा सावरतात, पण पानगळ बघून त्यांना तोडून टाकू नका. दिराच्या पेरूला दिवाळीच्या सुमारास पालवी आली. खत नव्या फुटीनंतर. गाळाचा पातळ थर राहिला तर खतासारखा चालतो, अर्धा फुटाहून जाड असेल तर बुंध्याभोवतीचा काढायलाच हवा.

21. प्लॉटमध्ये जुनं कडुलिंबाचं झाड आहे. माझ्या जागेतलं आहे, मग तोडायला परवानगी कशाला?

लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार महापालिका हद्दीत स्वतःच्या जागेतलं झाडसुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं आणि त्याहून जुनी झाडं हेरिटेज वृक्ष धरली जातात, त्यांचे नियम अधिक कडक आहेत. 'फांद्या छाटतोय' म्हणून बुंधाच उरवणं हीसुद्धा पळवाट नाही. घराचा आराखडा काढण्याआधी झाड कुठे आहे हे वास्तुविशारदाला दाखवा. जिना चार फूट सरकवणं नंतर परवानगी मागण्यापेक्षा सोपं असतं.

22. शेजाऱ्यांच्या शेवग्याची फांदी आमच्या अंगणात येते. शेंगा कुणाच्या?

झाड ज्याचं त्याच्या शेंगा, फांदी कुठेही लोंबली तरी. फांदी छाटायची असेल तर आधी त्यांच्याशी बोला, मोठी असेल तर प्रश्न 21 मधली परवानगी लागेल. आमच्याकडे हा प्रश्न फेब्रुवारीत दरवर्षी येतो. पहिल्या वर्षी मी शेंगा मोजून पिशवीत भरून परत द्यायला गेले. वहिनींनी पिशवीतल्या अर्ध्या मोजून मला परत दिल्या आणि म्हणाल्या, सुरवंटांचं मात्र तुम्हीच बघा, ते तुमच्याच बाजूला पडतात.